व्हिसा संपल्यानंतरचे लंडनमधील बाळंतपण : एका निवृत्त सिस्टरचा अभिप्राय

मुंबईतील सार्वजनिक प्रसूतिगृहांत एकतीस वर्षे सिस्टर म्हणून काम करून मी निवृत्त झाले. त्या नोकरीने लावलेल्या दोन सवयी अजून गेलेल्या नाहीत : बाळंतिणीच्या खाटेजवळ गेले की आधी तिच्या चेहऱ्याकडे आणि मग केसपेपरकडे पाहणे, आणि दुसऱ्या सिस्टरचे काम मनातल्या मनात तपासणे. माझ्या मुलीचे बाळंतपण सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्व लंडनमधील एका सरकारी रुग्णालयात झाले. तेव्हा तिच्या व्हिसाची मुदत संपून दहा महिने उलटले होते. मी परळच्या घरी बसून ते सगळे व्हिडिओ कॉलवर पाहिले, प्रत्येक अहवालाचा फोटो मागवून वाचला, आणि आता मुलगी, जावई व नात घरी परतल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. आमच्याच इमारतीतील दोन घरांनी मला जिन्यात थांबवून, आवाज खाली करून, "तिकडे कागद नसताना दवाखान्यात घेतात का हो?" असे विचारले. जिन्यात जे सांगता आले नाही ते येथे सांगते.

मुदत कशी संपली ते थोडक्यात. मुलगी सप्टेंबर २०२० मध्ये एम.एस्सी.साठी गेली आणि जावई तिचा आश्रित म्हणून बरोबर गेले. शिक्षण संपल्यावर, जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ग्रॅज्युएट व्हिसावर दोघांना नोव्हेंबर २०२३ पर्यंत राहता आले. त्यापुढे नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीचे प्रायोजकत्व हवे होते, आणि ते मिळवून अर्ज भरण्याचे काम दादर स्थानकाजवळच्या एका सल्लागाराने अंगावर घेतले. त्याचे पावणेदोन लाख रुपये त्याने आधीच मोजून घेतले. पुढे कधीही विचारले की उत्तर ठरलेले असे : "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम." ब्रिटनच्या गृहखात्याकडे अर्ज भरला की अर्जदाराला अर्जाचा क्रमांक आणि शुल्क भरल्याची पावती ईमेलने येते. आमच्याकडे ना क्रमांक होता ना पावती, आणि आम्हा तिघा शिकल्यासवरल्यांपैकी एकालाही ती मागण्याचे सुचले नाही. मुदतीच्या आत अर्ज दाखल झाला असेल तर निकाल लागेपर्यंत जुन्या व्हिसाचे हक्क चालू राहतात. अर्जच नसेल तर मुदत संपताच माणूस बेकायदा ठरतो. आमच्या सल्लागाराने अर्ज भरलाच नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये मुलीची पाळी चुकली. तिने पहिला फोन डॉक्टरला करण्याऐवजी याच सल्लागाराला केला, आणि त्याने तिला सांगितले की दवाखान्यात पाऊल टाकू नका, तिथून थेट पोलिसांना कळवतात आणि पुढच्या विमानात बसवतात. तिने ते खरे मानले. मला तर दिवस गेल्याची बातमीच मे महिन्यात कळली, कारण मी पहिला प्रश्न "दवाखान्यात नाव घातलेस का?" हाच विचारणार हे तिला ठाऊक होते. बावीस आठवडे होईपर्यंत एकदाही रक्तदाब मोजलेला नाही, हिमोग्लोबिन पाहिलेले नाही, सोनोग्राफी नाही. फोलिक ॲसिडच्या गोळ्या तेवढ्या तिने दुकानातून आणून घेतल्या होत्या. नाव घालायला सातव्या महिन्यात उगवणाऱ्या बायकांना मी एकतीस वर्षे ओरडत आले. तो ओरडा आता घरातच द्यायची वेळ आली, आणि फोनवर मला एक शब्द बोलता आला नाही.

या सल्लागाराला मी शून्य गुण देते. पैसे बुडाले म्हणून नव्हे, पैसे बुडतात. त्याने न विचारलेल्या विषयावर, ज्यातले त्याला ओ की ठो कळत नव्हते, ठामपणे सल्ला दिला, म्हणून. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना व्हिसाविषयक सल्ला देणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि नोंदणी असलेल्या सल्लागारांची यादी तेथील नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दादरच्या दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला तो कायदा लागत नाही, पण यादीत नाव शोधायला आपल्याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आम्ही नंतर काढली.

आता नियम काय आहे ते. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, प्रसूतीशी संबंधित सर्व उपचार "तातडीने आवश्यक" मानले जातात. व्हिसा नाही किंवा पैसे नाहीत या कारणावरून ते नाकारता येत नाहीत आणि लांबणीवरही टाकता येत नाहीत. ऑक्टोबर २०१७ पासून परदेशी रुग्णांकडून बिगरतातडीच्या उपचारांचे पैसे आधीच घेण्याची सक्ती रुग्णालयांवर आहे, पण बाळंतपण त्यातून वगळलेले आहे. सेवा मात्र फुकट नाही. मुदत संपलेल्या व्यक्तीला नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते, आणि बिल मागाहून येते. पोलिसांना कळवण्याची जी भीती घातली गेली होती तिच्यात सत्याचा अंश एवढाच की पाचशे पौंड वा त्याहून अधिक थकबाकी दोन महिन्यांहून जास्त राहिली तर ती माहिती गृहखात्याकडे जाते आणि पुढे कधी व्हिसा मागितला तर तो त्या कारणाने नाकारला जाऊ शकतो. दारात पोलीस येणे आणि पुढचा व्हिसा अडणे यांत केवढे अंतर आहे! त्या अंतराच्या किमतीत माझ्या मुलीचे बावीस आठवडे गेले.

हे सगळे मुलीला समजावून सांगितले ते मॅटर्निटी ॲक्शन नावाच्या तेथील संस्थेने. आकारणीच्या कचाट्यात सापडलेल्या गर्भवतींना ही संस्था फोनवर विनामूल्य सल्ला देते. फोन लागायला वेळ लागला, परंतु लागल्यावर पलीकडच्या बाईंनी नाव, पत्ता यांच्या आधी "किती आठवडे झाले?" असे विचारले, असे मुलीने सांगितले. मला तेवढ्यावरून माणूस कामाचे आहे हे कळले.

पहिली अडचण जीपीच्या, म्हणजे भागातील डॉक्टरांच्या, दवाखान्यात नाव नोंदवताना आली. नियमाप्रमाणे जीपीकडे नोंदणीसाठी पासपोर्ट, व्हिसा किंवा पत्त्याचा पुरावा यांपैकी काहीही लागत नाही, आणि जीपीची सेवा मुदत संपलेल्यालाही फुकटच असते. घराजवळच्या दवाखान्यातील स्वागतकक्षातल्या बाईंनी तरीही पासपोर्ट मागितला आणि तो दाखवताच व्हिसाची तारीख वाचून मान हलवली. मुलगी रडत घरी आली. दुसऱ्या दवाखान्यात तिने नियमाचा छापील कागदच पुढे केला, तेव्हा दहा मिनिटांत काम झाले. खरे तर जीपीवाचूनही चालते. बऱ्याच रुग्णालयांच्या प्रसूती विभागाकडे गर्भवतीला स्वतःच ऑनलाइन नाव घालता येते. हे पहिल्या दिवशी माहीत असते तर एक चक्कर आणि बरेच अश्रू वाचले असते.

येथून पुढे मी सिस्टर म्हणून लिहिते.

तपासणीची पहिली भेट तासाभराहून अधिक चालली. मिडवाइफने, म्हणजे बाळंतपणाचे काम पाहणाऱ्या तेथील सिस्टरने, उशीर का झाला ते एकदा विचारले, उत्तर लिहून घेतले, आणि पुन्हा त्या विषयावर आली नाही. मी तिच्या जागी असते तर निदान तीन वाक्ये सुनावली असती. सविस्तर सोनोग्राफी तेथे तेविसाव्या आठवड्याच्या आत करतात. ती संधी हुकू नये म्हणून तिने फोनवर पाठपुरावा करून चौथ्या दिवसाची वेळ मिळवली. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची चाचणी खरे तर दहाव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी, ती त्याच दिवशी रक्त घेऊन केली. दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांना गरोदरपणातील मधुमेहाचा धोका जास्त म्हणून चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी करतात. आपल्याकडेही पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहतात, फक्त उपाशीपोटीची अट नसते. तेथे रात्रभर उपाशी ठेवून दोनदा रक्त घेतात. मुलीचा दोन तासांनंतरचा आकडा ८.१ आला आणि तिला वाटले की हे फारच कमी आहे. तेथे साखर वेगळ्या मापात मोजतात, म्हणून मी अठराने गुणायला सांगितले. आपल्या मापात ते १४६ होते, आणि १४० ही दोन्हीकडची सीमा आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला भात सोडायला न सांगता वाटीचे माप दाखवले आणि डाळ वाढवायला सांगितली. ब्रोकोलीचा कागद हाती दिला नाही, याबद्दल एक गुण अधिक.

सोनोग्राफीत वार, म्हणजे प्लासेंटा, गर्भाशयात खाली असल्याचे दिसले. "आत्ताच विमानाने परत ये" हा माझा धोशा त्या दिवशी बंद झाला, कारण वार खाली असताना साडेनऊ तासांच्या प्रवासात रक्तस्राव सुरू झाला तर काय, हे मला कोणी समजावण्याची गरज नव्हती. बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा पाहिले तेव्हा वार वर सरकली होती. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर विमान कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागतात, छत्तिसाव्यानंतर सहसा घेतच नाहीत, आणि साखरेचे प्रकरण तोवर चालू झाले होते. मुलीने तेथेच राहण्याचे ठरवले. मी विरोध केला नाही.

कळा सुरू झाल्या त्या रात्री एक मिडवाइफ केवळ तिच्यासाठी होती. एका बाईमागे एक सिस्टर! आमच्या रात्रपाळीत एकीच्या टाक्यांना बसावे तर दुसरीचे डोके दिसू लागायचे. त्यामुळे हा प्रकार मला प्रथम उधळपट्टीच वाटला. नंतर त्या मिडवाइफला मुलीची पाठ चोळताना, वेदनाशामक वायूचे तोंड मुलीच्या हातात देऊन श्वास मोजताना आणि बाळाचे ठोके दर पंधरा मिनिटांनी ऐकताना मी पाहिले, आणि मत बदलले. जावई पूर्ण वेळ आत होते. नात ३ किलो १०० ग्रॅमची झाली, रडली, लगेच आईच्या छातीवर ठेवली. टाके दोनच.

जेवणाला मात्र दोन गुण, तेही दयेपोटी. ओल्या बाळंतिणीला त्यांनी चहा आणि लोणी लावलेला टोस्ट दिला. तो टोस्ट जगातला सर्वांत चविष्ट होता असे मुलगी आजही म्हणते, आणि सोळा तास उपाशी असलेल्या बाईच्या मताला मी किंमत देत नाही. अळिवाचे लाडू मी गिरगावच्या एका ओळखीच्या बाईंच्या सामानातून आधीच पाठवले होते, ते दुसऱ्या दिवशी पोहोचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी सोडले, यावर मी नाराज होते. आपल्याकडे तीन दिवस तरी ठेवतात. पण त्या व्यवस्थेचा दुसरा भाग मला माहीत नव्हता. पुढच्या सकाळी साडेदहाला घराची घंटा वाजली तेव्हा मी व्हिडिओ कॉलवरच होते. दोघे एकदम गप्प झाले. जावयांनी बाळाला अंथरुणात मुलीच्या कुशीत दिले, दिवा मालवला आणि पडद्याच्या कडेने खाली पाहिले. माझ्या फोनच्या पडद्यावर छताचा एक पिवळट तुकडा दिसत होता आणि मुलीचा श्वास ऐकू येत होता. घंटा दुसऱ्यांदा वाजली. मग पत्रपेटीच्या फटीतून एका बाईचा आवाज आला : "मी मिडवाइफ आहे, बाळाचे वजन करायला आले आहे." दार उघडायला जावयांना साखळी दोनदा चुकली. ती आत आली, जोडे काढू का असे विचारले, कापडी पिशवीतून वजनाचा काटा काढून गादीवर ठेवला, मुलीचे टाके आणि पायांची सूज पाहिली, आणि बाळ नीट छातीला लागत नाही म्हणून अर्धा तास शेजारी बसून राहिली. व्हिसाचा विषय तिने काढला नाही. पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायला ती पुन्हा आली, दहाव्या दिवशी निरोप घ्यायला. त्या तिन्ही वेळा दोघांनी आधी पडद्याआडून पाहिले.

मिडवाइफ सेवेला मी पाचपैकी पाच तारे देते, आणि हे मी सहजी देत नाही.

हिशेबखात्याची गोष्ट वेगळी आहे. रुग्णालयात परदेशी रुग्णांच्या बिलांसाठी निराळे कार्यालय होते. त्याचे पहिले पत्र तिसाव्या आठवड्यात आले. त्यात अंदाजे रक्कम होती, गृहखात्याला कळवण्याचा इशारा ठळक अक्षरांत होता, आणि उपचार थांबवले जाणार नाहीत हे एक वाक्य, ज्याची वाचणाऱ्या गर्भवतीला सर्वांत जास्त गरज असते, कोठेच नव्हते. मुलीने पुढची तपासणी चुकवायचे ठरवले होते. मिडवाइफला कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली की पत्र हिशेबखात्याचे आहे, तुझी वेळ गुरुवारी साडेदहाची आहे, तू ये. बाळंतपणानंतर चौदा तासांनी त्याच कार्यालयातील एक गृहस्थ अर्ज घेऊन वॉर्डात आले. मुलगी बाळाला पाजत होती. तिने डाव्या हाताने बाळ धरून उजव्या हाताने सही केली. नियमाने ते चुकीचे असेल वा नसेल, माझ्या वॉर्डात मी त्यांना दाराबाहेर उभे केले असते.

बिल सात हजार पौंडांहून थोडे अधिक आले, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसात लाख रुपयांच्या पुढे. यात मला एक गोष्ट अजून डाचते. व्हिसा घेतानाच परदेशी माणसाकडून आरोग्य अधिभार आगाऊ घेतात. ग्रॅज्युएट व्हिसाच्या वेळी तो माणशी वर्षाला ६२४ पौंड होता; दोघांचे दोन वर्षांचे मिळून २,४९६ पौंड भरले, आणि त्या दोन वर्षांत दोघांना साधा ताप आला नाही. फेब्रुवारी २०२४ पासून हा दर १,०३५ पौंड झाला आहे. अधिभाराचे छत्र व्हिसाबरोबर मिटते, त्यामुळे ज्या वर्षी रुग्णालय लागले त्याच वर्षी ते डोक्यावर नव्हते. कोणी म्हणेल, नियम मोडलात तर भोगा. त्यावर मला उत्तर देता येत नाही. मात्र बाळ आणि बाळंतीण दोन्ही सुखरूप आहेत, तेव्हा बिलाच्या रकमेवर मी तक्रार करणार नाही. तक्रार पत्राच्या भाषेवर आणि वॉर्डातल्या त्या भेटीवर आहे. हप्ते मागितले तेव्हा मात्र त्याच कार्यालयाने कुरकुर न करता उत्पन्न विचारून महिन्याला १२० पौंड ठरवून दिले, आणि ते लेखी दिले. म्हणून दोन तारे.

मध्यंतरी तेथील एका ओळखीच्या माणसाने "आश्रय मागा, म्हणजे बिलच लागत नाही" अशी युक्ती सुचवली होती. आश्रय मागणाऱ्यांना आकारणीतून सूट आहे हे खरे. पण परळहून गेलेल्या आणि गणपतीला येऊन गेलेल्या जोडप्याने मायदेशी जिवाला धोका आहे असे लिहून देणे म्हणजे शुद्ध खोटेपणा, आणि खोटी माहिती दिल्याचे उघड झाल्यास दहा वर्षांची बंदी लागते. जावयांनी तो फोन तेथेच ठेवला याचे मला समाधान आहे.

नात लंडनमध्ये जन्मली म्हणून ब्रिटिश झाली का, हा जिन्यातला दुसरा प्रश्न. नाही. १ जानेवारी १९८३ पासून तेथे केवळ जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आईवडिलांपैकी एक तरी ब्रिटिश किंवा कायमचा रहिवासी लागतो. जन्माची नोंद मात्र बेचाळीस दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात करावीच लागते, आणि ती त्यांनी केली. भारतीय नागरिकत्वासाठी १९५५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते व बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. ते काम उरकून, बाळाच्या प्रवासाचे कागद हातात आल्यावर, जानेवारी २०२५ च्या अखेरीस तिघे स्वतःच्या खर्चाने परत आले. स्वतःच्या खर्चाने आपण होऊन परतणाऱ्याला तेथे पुन्हा अर्ज करण्यास एक वर्षाची बंदी असते. सरकारी खर्चाने किंवा हाकलले गेल्यास ती वाढते. तिकिटासाठी माझी एक मुदत ठेव मोडली.

येताना बरोबर एक लाल पुठ्ठ्याची वही आली. तेथे प्रत्येक बाळाला ती देतात आणि वजन, लस, डोळे, कान, सगळे त्यात लिहितात. आमच्या भागातील आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी मी नातीला व ती वही घेऊन गेले. तेथील तरुण सिस्टरने आधी नातीच्या डाव्या दंडावरची बीसीजीची खूण पाहिली आणि मग वही चाळली. जन्मतःची हिपॅटायटिस बी आणि पोलिओचे थेंब कोठे आहेत, असे तिने विचारले. तिकडे ते जन्मतः सरसकट देत नाहीत, बीसीजीसुद्धा सहसा आईवडील किंवा आजीआजोबा आपल्यासारख्या देशातले असतील तरच आणि अठ्ठावीस दिवसांनंतर देतात, आणि आपले सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस त्यांच्याकडे आठ, बारा, सोळाला असतात, हे मी तिला सांगितले. तिने आपले माता व बाल संरक्षण कार्ड नवीन काढले, एकेक तारीख लाल वहीतून त्यात उतरवली, आणि वजनाच्या आलेखावरच्या मिडवाइफच्या बारीक टिंबांवरून बोट फिरवत म्हणाली, "मावशी, यांनी एकही खाडा केलेला नाही." मी म्हटले, "बाळ झाल्यावर नाही केला."

वही आता कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.